अवघड जागेचे ड्रेसर

सोलापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले तेव्हा मला त्वचा आणि गुप्तरोग विभाग मिळाला. घरी मी 'स्किन' एवढंच सांगितलं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सूनबाई चेहऱ्यावरच्या डागांचं बघते." ते मी कधी दुरुस्त केलं नाही.

विभागाच्या टोकाला ड्रेसिंगची खोली होती आणि तिथले ड्रेसर होते सिद्राममामा. उंच, सावळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि हातात रबरी मोजे. दुधनीजवळच्या एका खेड्यातलं त्यांचं घर. जंगमाचं, म्हणजे लिंगायतांच्या घरी पूजा सांगणारं. सकाळी आल्यावर ते गळ्यातलं लिंग बनियनच्या आत सरकवायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, बाहेरच्या बाकड्यावर किती जण मान खाली घालून बसलेत ते बघायचे आणि पहिल्याला म्हणायचे, "या पावणं." रोग्याचं नाव ते कधी मोठ्यानं उच्चारत नसत. सगळे पावणेच.

माझ्या पहिल्याच दिवशी एक शेतकरी चिठ्ठी घेऊन आला. काय होतंय विचारलं तर म्हणाला, "जरा खाली..." मी कागदावर 'खाली' असंच लिहिलं. मामांनी तो कागद वाचला आणि माझ्यासमोर आणून ठेवला.

"तंगी, खाली म्हंजे कुटं? खाली गुडघा बी हाय, टाच बी हाय."

कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. माझे कान तापले होते.

"शिश्न लिही. लाजू नको. लिंग म्हणू नको, आमच्यात लिंग गळ्यात असतंय. हे शिश्न. बाईचं असंल तर योनी. शाळेत शिकलीस की न्हाय? नाक लिहितीस तसं लिही."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

हे त्यांचं रोजचंच होतं. माणसं 'तितं', 'लघवीच्या जागी', 'माझ्या मित्राला' असं काहीतरी सांगायची. मामा घाई करत नसत. "मित्राला कुटं दुखालंय ते तुमच्या अंगावर बोट ठेवून दावा," म्हणायचे. बोट ठेवलं की तो शब्द ते स्वतः उच्चारायचे, शांतपणे, आणि समोरच्यालाही उच्चारायला लावायचे. पुष्कळ जण तो शब्द उच्चारताना रडायचे. मोठमोठे मिशावाले. मामा तेवढ्यापुरते पाठ फिरवून कापूस मोजत बसायचे.

तिथं काम करायला लागल्यावर मला कळलं की येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मोठं काहीच झालेलं नसतं. कुणाला मांडीच्या सांध्यात गजकर्ण, कुणाला साखरेमुळे कातडीला चिरा. कुणाला झोपेत वीर्य जातं म्हणून आपण खंगत चाललोय अशी खात्री. एका बँकेतल्या साहेबांनी तर आपला एक अंडकोष दुसऱ्यापेक्षा खाली आहे या काळजीत चार वर्षं काढली होती. मामांनी त्यांना सांगितलं, "सगळ्यांचा असतोय साहेब. माझा बी हाय." साहेब भिंतीकडे बघत बराच वेळ हसत राहिले. नंतर त्यांच्या हसण्याचा आवाज बदलला.

पण उरलेले निम्मे उशिरा येत. उशीर का झाला असं मामा कधी विचारत नसत. कारण एकच असायचं.

मंद्रूपकडचा एक चोवीस वर्षांचा पोरगा आठवतो. बारा दिवसांवर लग्न. अंघोळ करताना त्याला शिश्नाच्या टोकाभोवती बारीक पांढरट ठिपक्यांची ओळ दिसली. मित्रानं एका तंबूचा पत्ता दिला, जिथं गुप्तरोगावर शर्तिया इलाज होतो. तंबूतल्या माणसानं 'हा तर भयंकर रोग' म्हणत काळा लेप लावला. दुसऱ्या दिवशी लेपाबरोबर कातडीही निघाली. पोरगा पाय फाकवून चालत आमच्याकडे आला, तोही एकटाच.

मामांनी जखम धुतली. धुताना तो ओठ चावत होता. मामांनी न जळालेल्या भागावर बोट ठेवून त्याला दाखवलं.

"हे ठिपके रोग न्हायती. तुझ्या कातडीचंच हाय. लई जणांना असतात. त्यानं काय होत न्हाय, बायकोला लागत न्हाय."

"मग हे आधी कुणी का सांगितलं नाही?"

"तू कुणाला इचारलास?"

"मित्राला."

"आन् मित्रानं तंबू दावला."

पोरानं मान हलवली. मामांनी त्याला वडिलांना घेऊन यायला सांगितलं. त्यानं आणलं नाही. घरी नुसतंच म्हणाला, लग्न पुढं ढकला. कारण सांगेना. मुलीकडच्यांनी आठ दिवस वाट पाहिली, मग मुलात दोष आहे असं ठरवून सोयरीक मोडली. जखम बरी झाली, व्रण राहिला. शेवटच्या ड्रेसिंगला आला तेव्हा मामांनी त्याला समजावलं, सगळं नीट आहे, पुढं संसाराला काही अडचण नाही. तो ऐकत होता की नाही, सांगता येत नाही. "आता गावात माझं नावच तसं पडलं," एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर मामा त्या तंबूपाशी गेले. सुट्टी टाकून दिवसभर समोर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, आधी दवाखान्यात दाखवा. संध्याकाळी तंबूवाल्यानं तंबू मोडला आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन लावला.

मामांना एका गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या खोलीतला एकही शब्द कधी बाहेर गेला नव्हता. "लोक कातडी सोलून देतात आपल्या हातात," ते म्हणत. "ती चव्हाट्यावर नेऊन टांगायची व्हय?" त्यांच्या समाजातल्या काहींना त्यांचं काम कळल्यावर पूजेची बोलावणी बंद झाली. मामांनी त्यांनाही काही सांगितलं नाही. ज्या दोन-तीन घरांनी बोलावणं बंद केलं, त्या घरांतली माणसं मी आमच्या बाकड्यावर बसलेली पाहिली होती.

आणि मग वैरागचे गुरुजी आले.

निवृत्त शिक्षक, सत्तरीला टेकलेले. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा, आणि खोलीभर दरवळेल एवढं अत्तर. डॉक्टरांना त्यांनी हाताचा कोपर दाखवला, खाज येते म्हणाले. डॉक्टरांनी मलम लिहिलं. गुरुजी चिठ्ठी घेऊन निघाले. मामा दारातून बघत होते. गुरुजी खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, ते मीही पाहिलं होतं, पण मला त्यातून काही कळलं नव्हतं. मामा त्यांच्या मागोमाग नळापर्यंत गेले.

"गुरुजी, हाताचं झालं. आता ज्यासाठी आलाव ते दावा."

गुरुजींनी ओंजळीत पाणी घेतलं होतं. ते तसंच सांडून गेलं.

आत नेऊन पाहिलं. शिश्नाची पुढची कातडी कित्येक वर्षांपासून घट्ट होऊन मागं सरत नव्हती. तिच्याआड गाठ वाढली होती, फुटली होती. दीड वर्ष ते स्वतःच कापूस आणि हळद भरत होते, वर अत्तर लावत होते. तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. सर्जनसाहेबांनी समजावलं की आत्ता शस्त्रक्रिया करून पुढचा भाग काढला तर जीव वाचेल. गुरुजींनी दोनच प्रश्न विचारले.

"कागदावर काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"आणि सही घरच्या माणसाचीच लागेल?"

"कुणीतरी सोबत लागेलच गुरुजी."

मुलगा पुण्याला. बायको घरी. गुरुजी म्हणाले, पंधरा दिवसांनी येतो. मामा त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. त्यांच्या हातात हात घेऊन काहीतरी सांगत होते, गुरुजी मान हलवत होते.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. मामा रोज बाकड्यावर नजर टाकायचे. मी एकदा म्हटलं, "पत्ता आहे केसपेपरवर. घरी निरोप द्यायचा का?" मामा माझ्यावर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "काय म्हणून निरोप देणार? त्यांच्या बायकोला काय सांगणार? आपण असलं करत न्हाय." मी पुन्हा विषय काढला नाही.

चार महिन्यांनी गुरुजी आले. दोन्ही जांघांत गाठी फुटलेल्या. सर्जनसाहेबांनी पाहिलं आणि मामांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. आता फक्त ड्रेसिंग.

गुरुजींना रोजचा वैराग-सोलापूर प्रवास झेपणार नव्हता आणि गावातल्या दवाखान्यात दाखवायला ते तयार नव्हते. मग मामा दर दोन दिवसांनी ड्युटी संपवून एस.टी.नं वैरागला जायला लागले. रविवारी तर सकाळीच निघायचे. गुरुजींनी घरी मामांची ओळख 'मांडीला गळू झालंय, त्याची पट्टी करायला येणारे' अशी करून दिली होती. पट्टी होईपर्यंत बायको स्वयंपाकघरात बसायची.

एका रविवारी मामा मला म्हणाले, "तंगी, तू चल. त्या बाईशी कुणीतरी बोलायला पायजे. मला जमत न्हाय."

मी गेले. मामा आत पट्टी करत होते. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, चुलीपुढं नाही, खिडकीपाशी बसल्या होत्या. किरकोळ बांधा, डोक्यावरून पदर. मी विचार करून ठेवलेलं सुरुवातीचं वाक्य उच्चारलं, "काकू, गुरुजींचं दुखणं जरा मोठं आहे..."

"गळू न्हाय ते," काकू म्हणाल्या. "माहीत हाय मला."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"दोन वर्षं होत आली, माहीत हाय. धोतरं मी धुते. वास येतो, डाग असतात. ते अत्तर लावायला लागले तवाच कळलं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कसं बोलायचं? बायकांनी असलं इचारायचं असतंय का? मला वाटलं सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील." त्या बाहेर बघत होत्या. "मग सोलापूरला जाऊन आले. केसपेपर उशीखाली होता. मला विंग्रजी वाचता येत न्हाय. वाटलं, दवाखान्यातलं कुणीतरी येईल, मला सांगील. सही मागाया तरी येईल. मी वाट बघत हुते."

मागं मामा उभे होते. हातात वापरलेल्या पट्ट्यांची पिशवी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पायऱ्या उतरून अंगणात गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. वैराग मागं पडल्यावर एकदम बोलायला लागले. त्यांचे वडील असेच गेले होते. गावभर पूजा सांगायचे. चालताना त्रास व्हायचा, लोकांना मूळव्याध सांगायचे. मामा तेव्हा एकोणीस वर्षांचे. माणूस गेला की देह बसवून अंघोळ घालतात त्यांच्यात. थोरला मुलगा म्हणून मामांनी पाणी घातलं, आणि धोतर सोडल्यावर ते दिसलं. "आत काय उरलंच नव्हतं, तंगी. आन् आदल्या सांजेपर्यंत लोकांच्या पूजा सांगत हुते." मामांनी पटकन कोरडं धोतर गुंडाळलं. बाहेर लोकांना सांगितलं, मूळव्याध.

"म्हणून मी ही खोली मागून घेतली," ते म्हणाले. "आन् हितं बी मी तेच केलं. झाकत बसलो."

मी म्हटलं, "तुम्ही नियम पाळलात."

"व्हय. पाळला की."

गुरुजी त्यानंतर सहा आठवडे जगले. या आठवड्यांत काकू खोलीत यायला लागल्या. पहिल्यांदा आत आल्या तेव्हा गुरुजींनी तोंड भिंतीकडे केलं. काकूंनी मामांच्या हातातला कापूस घेतला आणि म्हणाल्या, "मला दावा कसं करायचं ते." मामांनी दाखवलं. मामा सांगत होते की त्यानंतर गुरुजी अत्तर मागायचे बंद झाले. शेवटचे दोन आठवडे काकूच पट्टी करत होत्या. ते गेल्याचं मामांना फोनवर कळलं. मुलगा आला होता. त्यानं पेपरात 'अल्पशा आजाराने' असं छापलं.

त्यानंतर मामा बदलले. प्रत्येक रोग्याला ते विचारायला लागले, "घरी कोण हाय? त्यांना घेऊन या." नाही आणलं तर पुन्हा विचारायचे, पिच्छा पुरवायचे. काही रोगी त्यामुळं यायचेच बंद झाले. मी हे त्यांना सांगितलं. "माहीत हाय," म्हणाले.

वर्षभरानं एक यंत्रमाग कामगार आला. घरी तेलुगू बोलणारा, तिशीतला. शिश्नावर न दुखणारा व्रण. रक्तात सिफिलिस निघाला. ती तपासणी मीच केली होती. बायको सहा महिन्यांची गरोदर, आणि तिची एकही तपासणी झालेली नव्हती. डॉक्टरांनी बायकोला आणायला सांगितलं, पोटातल्या बाळाचं काय होऊ शकतं तेही समजावलं. त्यानं स्वतःचं इंजेक्शन घेतलं आणि निघून गेला. मामा दोनदा त्याच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा त्यानं शिवी दिली.

चौथ्यांदा मामा कारखान्यात गेले नाहीत. त्याच्या घरी गेले. तो कामावर असताना. बायको विड्या वळत बसली होती. मामांना तेलुगू फारसं येत नव्हतं, तिला मराठी थोडं समजायचं. मामांनी तिला सांगितलं, "तुझ्या पोटातल्या लेकरासाठी एक सुई घ्यायची हाय. आज. माझ्यासंगं चल." तिनं विचारलं, कसली? मामांनी खरं ते सांगितलं.

ती आली. रक्त मीच काढलं. तिलाही लागण होती. इंजेक्शन त्याच दिवशी झालं, पुढची दोनही झाली. मूल धडधाकट जन्मलं, हे आम्हाला नंतर प्रसूती विभागातून कळलं.

पण त्या आठवड्यात तिच्या घरी काय झालं तेही कळलं. नवऱ्यानं तिला मारलं. सासरच्यांनी रोग तिच्याकडूनच आला असं ठरवलं आणि बाळंतपणानंतर तिला माहेरी धाडून दिलं. नवऱ्यानं मामांविरुद्ध अर्ज केला. चौकशी झाली. मामांनी काही नाकारलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, "रोग्याची माहिती तुम्ही त्याच्या परवानगीशिवाय सांगितली?"

"व्हय."

"नियम माहीत होता?"

"मीच शिकवत हुतो की साहेब, नव्या लोकांना."

"मग?"

मामा म्हणाले, "मागं एकदा पाळून बघितला हुता."

त्यांना ड्रेसिंगमधून काढून भांडारात टाकलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती त्यांनी चादरी आणि सलाईनच्या बाटल्या मोजत काढली. मी कधीतरी डबा घेऊन तिकडे जायचे. त्या बाईचं काय झालं असेल, हे ते दर वेळी विचारायचे. मला माहीत नसायचं. "मी बरोबर केलं का तंगी?" असंही एकदा विचारलं. मूल वाचलं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मी मुलाचं इचारत न्हाय."

निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला गेले. मुलगा खाजगी कंपनीत, सासरची माणसं तोलामोलाची. वडील दवाखान्यात ऑफिसात होते असं त्यानं तिकडे सांगितलं होतं. एकदा सून आणि व्याही जेवायला बसलेले असताना मामांनी ताटावरून सांगितलं, दोन दिवस झाले लघवी अडकत अडकत होते, प्रोस्टेट वाढली असणार, उद्या दवाखान्यात जायला पाहिजे. मुलानं भाकरी ताटात टाकली आणि उठून गेला. हे मला मामांनीच सांगितलं, नंतर, वॉर्डात. हसत सांगितलं, पण पुढं म्हणाले, "उठून गेला तर गेला. दुसऱ्या दिवशी रिक्षा मीच केली."

प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ निघाली, हाडापर्यंत गेलेली. मामा लगेच दाखवायला आले होते, तरी. काही दुखणी न लपवताही उशीर करतात. मला ते फार अन्यायाचं वाटलं. मामांनी रिपोर्ट हातात घेऊन स्वतः वाचला, घडी घातली आणि उशीखाली न ठेवता टेबलावर ठेवला.

मी शेवटचं त्यांना पाहिलं ते एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. त्यानंतर चारच दिवसांत ते गेले. वॉर्डात डाळीचा वास भरला होता. मामांची कॉट रिकामी होती. त्यांच्या शेजारच्या कॉटवर दक्षिणेकडच्या गावातला एक म्हातारा होता, आल्यापासून कुणाशी बोललेला नाही, डॉक्टरांना धोतर बाजूला करू देत नाही, असं सिस्टर सांगत होत्या. मामा त्याच्या उशाशी स्टुलावर बसले होते. एका हातात स्वतःची लघवीची पिशवी धरली होती, नळी ताणली जाऊ नये म्हणून. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. म्हाताऱ्याचं तोंड चादरीत होतं.

मी हाक मारणार होते. मामांनी माझ्याकडे न बघताच मोकळा हात हलवला. जा.

मी दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. मामा काही बोलत नव्हते. म्हाताऱ्याच्या तोंडापाशी कान नेऊन ते वाकून बसले होते, आणि चादरीआडून तो म्हातारा हळूहळू, कानडीत, त्यांना काहीतरी सांगत होता.